काचेखालचा कागद

त्याला पानिपतला मी नेलं. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत आज ही गोष्ट कोणी बोलत नाही, म्हणून आधी तीच लिहून टाकतो. ब्लँकेटच्या त्या कारखान्याच्या फाटकातून तो पहिल्यांदा आत गेला, त्याच्या आधी सहा वर्षं मी तिथे जात होतो. सरकारी बसने, मांडीवर फ्लॉपींचा डबा घेऊन, खिडकीतून येणारी धूळ खात.

कॉम्प्युटर मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. दिल्लीला आलो तो टायपिस्ट म्हणून. दर्यागंजच्या रविवारच्या फुटपाथवर डेटाबेसचं एक जाडजूड पुस्तक दिसलं. मधली चाळीसेक पानं गायब होती. त्या गायब पानांवरून विकणाऱ्याशी मी अर्धा तास वाद घातला आणि पुस्तक रद्दीच्या भावात उचललं. जी पानं होती ती पाठ केली. नव्हती त्यांच्यावाचून काही अडलं नाही, असं पुढे बरीच वर्षं मला वाटत राहिलं.

देशाचे दरवाजे नुकतेच उघडले होते. पानिपतची ब्लँकेट्स आणि सतरंज्या जर्मनीला जायला लागल्या होत्या, आणि तिथल्या खरेदीदारांना फॅक्सवर छापील उत्तरं हवी असायची. कारखान्याचे म्हातारे मालक, सगळे त्यांना लालाजी म्हणत, कॉम्प्युटर घ्यायला निघाले तेव्हा तीन कंपन्या सूट घालून आल्या होत्या. मी हाफशर्टात गेलो आणि काम घेऊन आलो. कुठल्या मागावर कुठल्या ऑर्डरचा माल चढलाय, किती उतरला, कुठल्या रंगाचं सूत कमी पडणार, हे सगळं सांगणारा प्रोग्राम मी एकट्याने लिहिला. तो चालवायला लालाजींनी एक विधवा बाई नेमल्या. सगळे त्यांना बहनजी म्हणत. त्यांनी उभ्या आयुष्यात की-बोर्ड बघितला नव्हता. मी शिकवलं, म्हणून त्या मला मास्टरजी म्हणायच्या.

पहिल्याच उन्हाळ्यात एका दुपारी ते एकुलतं एक मशीन जळालं. कारखान्यात सुताचा भुसा उडतो, तो पंख्यात अडकला होता, आणि बहनजी मशीन चालू ठेवून जेवायला गेल्या होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागावरच्या माणसांपर्यंत ऐकू जाईल इतक्या आवाजात मी त्यांना बोललो. मग एक कागद घेतला, मोठ्या अक्षरात लिहिलं, "खाने पर जाने से पहले मशीन बंद करें. आकर चालू करें," आणि त्यांच्या टेबलावर आपटला. त्यांनी टेबलाची काच उचलली आणि कागद खाली सरकवला.

आणखी एक गोष्ट मी त्याच वर्षी केली. मशीनला मोठा प्रश्न विचारला की उत्तर शोधताना ते कच्च्या कागदांसारख्या तात्पुरत्या फायली तयार करतं आणि काम झालं की पुसून टाकतं. पण मध्येच वीज गेली की त्या फायली तशाच पडून राहतात. पानिपतला वीज दिवसातून चारदा जायची, आणि डिस्क तर एवढीशी. म्हणून मशीन सुरू होताना जी कामं आपोआप करतं, त्या यादीत मी एक ओळ घातली: तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरमध्ये जे असेल ते सगळं पूस. डिस्क पुन्हा कधी भरली नाही. लालाजी म्हणाले, "मास्टरजी, दिमाग हो तो ऐसा." सहा वर्षं त्या वाक्यावर मी पोट भरलं म्हणा ना.

आता त्याच्याविषयी.

तो आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायला आला. पुण्याचा कॉम्प्युटर इंजिनियर, नोएडात एका काचेच्या इमारतीतल्या कंपनीत नोकरी, पांढरी गाडी. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान. बोलायला हळू. तो घासाघीस करत नसे, आणि हेच मला सहन होत नसे. आमच्या गेटवरच्या भाजीवाल्याशी हुज्जत घालून मी जो फ्लॉवर आणायचो, त्याच्याहून चांगला फ्लॉवर भाजीवाला त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा, वर कोथिंबिरीची जुडी. मी एकदा भाजीवाल्याला विचारलं, "उनका कौन सा रिश्ता है तुमसे?" तो म्हणाला, "साहब, वो हाल पूछते हैं."

घरी बायको म्हणायची, "अहो, तिसऱ्या मजल्यावर बघा जरा. कधी आवाज येतो का?"

"आवाज न करता त्यांचं भागतं," मी म्हणायचो. "माझं भागत नाही."

मुलगा म्हणायचा, "बाबा, पण ते अंकल बिल्कुल गुस्सा नाही करत." दिल्लीत वाढलेलं पोर, राग हा शब्दसुद्धा त्याला हिंदीतच सापडायचा, आणि तोसुद्धा माझ्यामुळे.

दर संक्रांतीला आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला, लढाईत पडलेल्यांच्या काला अंबच्या स्मारकावर जाते. फुलं वाहायची, दोन शब्द बोलायचे, तिळगूळ वाटायचा, परत यायचं. माझ्या ओळखीमुळे लालाजी त्या दिवशी बससाठी चहा आणि गरम कचोऱ्या पाठवायचे, कधी स्वतः यायचे. हा मान माझा होता. बसमधल्या कर्नलपासून कारकुनापर्यंत सगळे त्या कचोऱ्या माझ्यामुळे खात होते. त्या वर्षी तो बसमध्ये होता, आणि मला मिरवायची खाज सुटली. मी लालाजींना म्हणालो, "ये हमारी सोसायटी के बड़े इंजीनियर हैं."

लालाजींनी त्याला सहज विचारलं, "पाँच मशीनें लेकर आपस में जोड़ दें तो ठीक चलेंगी?"

तो म्हणाला, "मालूम नहीं लालाजी. देखना पड़ेगा."

सहा वर्षांत "मालूम नहीं" हे शब्द मी त्या कारखान्यात तोंडातून काढले नव्हते. तिथे दुकान चालवायचं तर काढून चालतं का? पण लालाजींनी त्याच्या हातावर आणखी एक कचोरी ठेवली. मला नाही.

मशीन जोडायचं काम अर्थातच मी केलं. लालाजींचा मुलगा, छोटे साहब, बाहेरून शिकून आला होता आणि त्याला सगळं टेबलावर बसल्या बसल्या बघायचं होतं. नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात दोन दिवस घासून मी चार मशीनच्या भावात पाच मशीन आणली. युक्ती अशी की मधलं एक मोठं मशीन सोडून बाकीच्यांच्या डिस्क सगळ्यात लहान घेतल्या. तात्पुरत्या फायलींना जागा हवी ना? मग सगळ्यांच्या तात्पुरत्या फायली मधल्या मोठ्या मशीनवर, एकाच फोल्डरमध्ये. बहनजींच्या जुन्या मशीनवरची आपोआप चालणारी यादी मी पाचही मशीनवर उतरवली, त्यात फक्त फोल्डरचा पत्ता बदलला. दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला होता, "सर, अब तो कुर्सी भी ले जाओ." बसमध्ये येताना मी एकटाच हसत होतो.

महिन्याभरात फोन आला. छोटे साहब दुपारी जेवून आले की मोठा प्रश्न टाकायचे: सगळ्या ऑर्डरी, सगळे माग, किती बाकी. मशीन पंधरा-वीस मिनिटं दळत बसायचं आणि मग पडद्यावर यायचं, तात्पुरती फाइल सापडत नाही. काम बंद. जर्मनीचा फॅक्स राहायचा. सकाळी तोच प्रश्न टाकला तर बिनतक्रार उत्तर. दुपारीसुद्धा रोज नाही, आठवड्यातून तीनदा, चारदा.

मी गेलो. केबल बदलली. पुन्हा गेलो. व्हायरस शोधला. तिसऱ्यांदा फोल्डर रिकामं करून आलो. चौथ्यांदा विजेवर ढकललं. दरवेळी जाताना छातीठोकपणे सांगायचो, "अब नहीं आएगा." दरवेळी यायचं. पाचव्या फोनवर छोटे साहब म्हणाले, "मास्टरजी, बुधवार को आप भी आइए. हमने आपके इंजीनियर साहब को बुलाया है. उसके बाद तय करेंगे कि अगले साल का काम किसके पास रहेगा."

आपके इंजीनियर साहब! माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानाचं भाडं, मुलाची फी, सगळं त्या एका वार्षिक करारावर उभं होतं. बाकीची गिऱ्हाइकं म्हणजे फुटकळ. पानिपत गेलं तर मी पुन्हा टायपिस्ट.

बुधवारी तो रजा काढून त्याच्या गाडीने आला. मला म्हणाला होता, "बरोबरच जाऊ ना." मी म्हणालो, "मला सवय आहे बसची."

मला वाटलं, आल्या आल्या मशीन उघडून माझ्या प्रोग्रामची चिरफाड करेल. भांडायची तयारी मी बसमध्येच करून ठेवली होती. त्याने आल्या आल्या बहनजींना नमस्कार केला, त्यांच्या मशीनवर पाच मिनिटं काही बघितलं, आणि मग कोपऱ्यात खुर्ची घेऊन एक कोरा कागद मांडीवर ठेवून बसला. कोण कधी काय करतं ते लिहीत. बस्स.

"काही विचारायचं नाही का?" मी विचारलं.

"नको. मला फक्त बघायचंय."

"सहा वर्षांचं काम बघून समजतं होय?"

"बघू," तो म्हणाला. हा माणूस दुसरं काही बोलत नसे.

दुपारी बहनजींनी डबा उघडला आणि त्याला पराठा दिला. सहा वर्षांत मी त्यांचा पराठा खाल्ला नव्हता. त्यांनी दिला नव्हता की मी थांबलो नव्हतो, आता आठवत नाही. त्या त्याला त्यांच्या मुलीच्या शाळेविषयी सांगत होत्या. मुलगी आहे हेसुद्धा मला तेव्हा कळलं. पोटात दुखणं म्हणजे काय ते मी त्या पराठ्याच्या वासात शिकलो.

पावणेदोनला छोटे साहेबांनी त्यांच्या खोलीत मोठा प्रश्न टाकला. दोन वाजून पाच मिनिटांनी आतून ओरडले, "आ गया! फिर आ गया!"

त्याने कागदावर एक ओळ लिहिली, कागद टेबलावर ठेवला आणि हात धुवायला गेला. तिथूनच लालाजी त्याला माग दाखवायला घेऊन गेले.

मी तो कागद वाचला. त्याचं अक्षर मोत्यासारखं, तेही मला झोंबलं. लिहिलं होतं:

१.२० – बाई मशीन बंद करून जेवायला.
१.४५ – मोठा प्रश्न सुरू.
२.०५ – बाई परत, मशीन चालू.
२.०५ – एरर.

मी खाली बसलो. एकाच क्षणात सगळं दिसलं. बहनजींचं मशीन सुरू होताना माझी ती ओळ चालते: फोल्डरमध्ये असेल ते सगळं पूस. पूर्वी त्या फोल्डरमध्ये त्यांचाच कचरा असायचा. आता तिथे पाचही जणांची चालू कामं होती. उघडी फाइल पुसली जात नाही, पण मोठ्या प्रश्नात मशीन एक फाइल लिहून बंद करतं आणि थोड्या वेळाने परत उघडायला जातं. तेवढ्यात बहनजी जेवून आल्या, की फाइल गेली. ज्या दिवशी त्या आधी यायच्या किंवा छोटे साहब उशिरा, त्या दिवशी काही व्हायचं नाही. पाच जणांनी एकाच पाटीवर गणितं करायची आणि प्रत्येकाने येताना पाटी पुसायची, अशी व्यवस्था मी करून ठेवली होती. पुस्तकातली ती चाळीस पानं बहुतेक याविषयीच असावीत.

मी उठलो आणि पाचही मशीनवरची ती ओळ काढून टाकली. दहा मिनिटांचं काम. मग छोटे साहेबांना म्हणालो, "चलाइए." प्रश्न सुरू झाला. मी बहनजींना मशीन दोनदा बंद-चालू करायला लावलं. वीस मिनिटांनी उत्तर आलं, शेवटच्या ब्लँकेटपर्यंत.

तेवढ्यात लालाजी आणि तो परत आले. छोटे साहब खुशीत होते. "मास्टरजी ने ठीक कर दिया. क्या था मास्टरजी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तो पण. मी खरं सांगायला तोंड उघडलं असं मला आजही वाटतं. पण त्याचा तो शांत चेहरा दिसला, आणि तोंडातून आलं, "बहनजी की गलती थी. बीच में मशीन बंद-चालू करती हैं. सबका काम उड़ जाता है. कितनी बार समझाया है!"

छोटे साहब बहनजींकडे वळले. "बहनजी, यह क्या है? इतने महीने से हम परेशान हैं! आपसे नहीं होता तो मशीन पर किसी और को बिठाएँ?"

बहनजी उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचा पेनांचा डबा बाजूला केला, देवीचा फोटो बाजूला केला, काच दोन्ही हातांनी उचलली आणि खालचा कागद काढून लालाजींपुढे धरला. पिवळा पडला होता, पण अक्षर ठसठशीत होतं. माझंच.

"इन्होंने ही लिखके दिया था," त्या म्हणाल्या. "छह साल में एक दिन भी नहीं चूकी. मास्टरजी, आप ही बोलिए, चूकी हूँ?"

माग चालू होते, तरी मला ते ऐकू येईनासे झाले.

"नहीं," मी म्हणालो. "नहीं चूकीं." आणि मग सुरुवात झालीच होती म्हणून बाकीचंही बोललो. ओळ माझी. फोल्डर एकच ठेवलं ते मी. लहान डिस्क घासून आणल्या त्या मी. बहनजींच्या जागी कोणीही बसलं असतं तरी हेच झालं असतं. बोलताना माझा आवाज चढला, जणू मी कोणा दुसऱ्यालाच झापत होतो. छोटे साहब तोंड उघडून ऐकत होते. करार गेला, हे मी धरूनच चाललो होतो.

मग तो बोलला. "लालाजी, जब यह काग़ज़ लिखा गया, तब एक ही मशीन थी. तब यह सही था. मैं होता तो शायद यही लिखता."

लालाजींनी कागद परत बहनजींच्या हातात दिला, मान हलवली, आणि निवाडा केला. काम मास्टरजींकडेच राहील. पण वर्षातून एकदा इंजिनियर साहब येऊन सगळ्यावर नजर टाकतील.

"संक्रांत को आता ही हूँ," तो म्हणाला. "पैसे नहीं लूँगा."

परतताना मी त्याच्या गाडीत बसलो, कारण शेवटची चांगली बस गेली होती. सोनीपत आलं. मग त्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढून मला दिला. बहनजींच्या मशीनवरची यादी, छापलेली. माझ्या ओळीखाली पेन्सिलची रेघ.

"हा कधीचा?"

"सकाळचा. अकराला छापला."

"मग दिवसभर काय बघत होता?"

"खात्री करत होतो."

"आणि तो वेळांचा कागद? टेबलावर तसाच टाकून माग बघायला गेलात. मुद्दाम?"

त्याने गिअर बदलला. समोर ट्रक होता, नाही असं नाही.

"अहो, सांगायचं होतं ना तोंडावर!" मी ओरडलो. "काम घ्यायचं होतं! मी घेतलं असतं तुमच्या जागी."

"मला नको होतं ते काम," तो म्हणाला. "आणि तुम्ही काढाल ती ओळ, असं वाटलं. बाईंचं नाव घ्याल, असं नव्हतं वाटलं."

आयुष्यभर मी भाव पाडत आलो. समोरचा काहीतरी मागत असेल तर पाडता येतो. जो काही मागतच नाही, त्याच्यापुढे माझ्यासारख्याने काय करायचं? नोएडाच्या फाट्यावर मी म्हणालो, इथेच सोडा. तिथून घरापर्यंत चालत गेलो.

पुढच्या महिन्यात मी पानिपतला गेलो ते घरून कागद लिहून घेऊनच. चांगला जाड कागद, दोनदा गिरवलेली अक्षरं: "मशीन सारा दिन चालू रखें." नव्या मशीनच्या पंख्याला भुशासाठी जाळी होती, जेवताना बंद करायची गरज उरली नव्हती. माफी मागायची माझी तेवढीच पद्धत आहे. बहनजींनी तो घेतला, वाचला, आणि फार प्रेमाने माझ्या हातात परत दिला.

"मास्टरजी, यह तो हो गया," त्या म्हणाल्या. "उसी दिन इंजीनियर साहब से लिखवा लिया था, जब आप मुँह धोने गए थे. उनका अक्षर साफ़ है न."

काचेखाली बघितलं. मोत्यासारखं अक्षर, शेजारी देवीचा फोटो. मी माझा कागद घडी करून खिशात घातला, आणि त्या दिवशी त्यांनी विचारलं तरी पराठा घेतला नाही.